हात दिसले पाहिजेत

माझ्या मुलीला, केझायाला, गुरुवारी लायसन्स मिळालं आणि रविवार उजाडेपर्यंत मी तिला मनातल्या मनात चार वेळा पुरलं होतं. पहिल्यांदा हायवेवर, दुसऱ्यांदा पेट्रोल पंपावर, तिसऱ्यांदा शाळेच्या पार्किंगमध्ये. चौथ्या वेळी तर चर्चमध्ये कुठलं गाणं म्हणायचं तेसुद्धा ठरवून झालं होतं आणि दुसऱ्या कडव्याला मी खरंच रडले. समोर भांडी घासायची पडली होती. एरवी मी ग्रंथालयात माहितीच्या टेबलावर बसते. लोकांना घाबरू नका, आधी नीट माहिती घ्या, असं शांत आवाजात सांगायचा मला पगार मिळतो.

चर्च सुटल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे ओडेसाच्या घरी जमलो. ओडेसा म्हणजे माझी आई. तोंडावर मी तिला आईच म्हणते, पण लिहिताना 'आई' लिहिलं की पाठ ताठ करून बसावंसं वाटतं, म्हणून इथे ओडेसा. टेबलावर तळलेलं चिकन, हिरव्या पाल्याची भाजी, मक्याचा पाव. खिडकीत रताळ्याची पाई निवत ठेवलेली. टेबलाच्या टोकाला थोरले, म्हणजे ओडेसाचे वडील ल्यूशस. वय सत्त्याऐंशी, अंगात कोट, कोटाच्या खिशात माझ्या गाडीची किल्ली.

किल्ली त्यांच्याकडे असायला कारण होतं. आमच्या घरात लायसन्स सरकार देतं, पण किल्ली थोरले देतात. मधे एक परीक्षा असते, तिला आम्ही तालीम म्हणतो. पोरानं दारातल्या गाडीत बसायचं, घरातल्या कुणीतरी पोलीस व्हायचं, येऊन काचेवर टकटक करायची आणि बाकीच्यांनी ओट्यावरून गुण द्यायचे. एकोणीसशे त्रेसष्ट साली गोऱ्या पोलिसांनी थोरल्यांना, निव्वळ काळे म्हणून, त्यांच्या पहिल्यावहिल्या शेव्हरोलेतून उतरवून चर्चच्या कपड्यांत तासभर गटारात उभं केलं होतं. तेव्हापासूनची ही प्रथा. थोरल्यांचे नियम चार होते. त्यातला 'मान खाली घालायची' हा ओडेसानं खोडला, 'डोळ्यांत बघायचं' असा लिहिला आणि वर आणखी चार घातले. मी तीन वाढवून अकरा केले. कॉलेज शिकल्याचा मी कुटुंबाला करून दिलेला फायदा हा की, ती यादी मी लॅमिनेट केली.

तर ताटं वाढून झाली, प्रार्थना झाली, आणि केझाया म्हणाली, "मी नाही करणार."

"काय म्हणते ती?" थोरल्यांनी विचारलं. त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

"तालीम नाही करणार म्हणते, थोरले." माझा भाऊ अलॉन्झो चिकन वाढून घेत म्हणाला. "पाव द्या इकडे."

"पाच वाजता माझा कार्यक्रम आहे," केझाया म्हणाली. "चार वाजता मला निघायचंय. चेलो मागच्या सीटवर ठेवलाय. मी रस्ता पाहून ठेवलाय, पेट्रोल भरलंय, गाडी पुसलीये. मी चांगली चालवते, परीक्षा घेणारी बाईसुद्धा म्हणाली. मग मी कुठलं नाटक का करायचं?"

"कारण सगळ्यांनी केलंय," मी म्हणाले.

"हॅडलीनं नाही केलं."

हॅडली म्हणजे तिची वाद्यवृंदातली गोरी मैत्रीण; केझाया तिथे चेलो वाजवते, व्हायोलिनचा थोरला भाऊ. तिलाही गुरुवारीच लायसन्स मिळालं होतं.

"हॅडलीच्या आईनं तिला मिठी मारली," केझाया म्हणाली, "आणि आरशाला टांगायला वासाची लिंबं आणली. एक तिला, एक मला. संपलं. तिच्या घरी कुणी टोपी घालून आलं नाही."

"हॅडलीच्या घरी टोपीवाला यायची वेळ कधी आली नाही, बाळ," ओडेसा म्हणाली.

मी मात्र लिंबावर अडकले. "ते लिंबू तू टांगलंयस? आपल्या गाडीत?"

"आई."

"नियम नऊ. आरशाला काही टांगायचं नाही."

"आई, पुठ्ठ्याचं लिंबू आहे ते!"

"पुठ्ठ्याचं असो नाहीतर झाडाचं. त्यांना थांबवायला निमित्त लागतं."

"आणि निमित्त नसलं की थांबवत नाहीत?" ती हे मला विचारत होती, पण बघत होती अलॉन्झोकडे. "मामा, तू आरशाला काय टांगतोस?"

"काही नाही."

"आणि तुला किती वेळा थांबवलं?"

अलॉन्झोनं बटाट्याचं सॅलड दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पहिलं अजून ताटात तसंच होतं. "चौदा."

"सगळे नियम पाळलेस?"

"तेव्हा आठच होते. तुझ्या आईनं नंतर महागाई केली."

एरवी यावर सगळे हसले असते. केझाया हसली नाही.

"पाळलेस का, मामा?"

"पाळले."

"मग?"

थोरल्यांनी सुद्धा ते ऐकलं. ओडेसानं पाण्याचा जग उचलला आणि भरलेल्या पेल्यात पाणी ओतू लागली.

अलॉन्झो शाळेची बस चालवतो. सत्तेचाळीस वर्षांचा दांडगा माणूस, दर वर्षी आमच्या तालमीत पोलीस तोच होतो. डोक्यावर टोपी, काळा चष्मा, भर दुपारी हातात पेटलेली बॅटरी. टोपी आमच्या वडिलांची, टपाल खात्यातली. नीट पाहिलं तर कुणालाही कळेल की, पोलीस नव्हे, पोस्टमन तुम्हाला अडवतोय. तो ती भूमिका इतकी रंगवतो की चुलत भावंडं दुसऱ्या गावाहून बघायला येतात. म्हणून मी निर्धास्त होते. तो म्हणेल, चल पोरी, हसत हसत पाच मिनिटांत उरकू. तो म्हणाला,

"पोरीचं बरोबर आहे, रेनीटा."

"काय?"

"बरोबर आहे तिचं. मी नाही घालणार टोपी." आणि ताट तसंच टाकून तो ओट्यावर गेला. आमच्या घरात ओडेसाच्या हातचं ताट टाकून उठलेला माणूस मी त्याआधी एकदाच पाहिला होता, आणि तो आमच्या चर्चचा नव्हता, मेथडिस्ट होता.

"बघ, काय केलंस," मी केझायाला म्हणाले.

"तिनं काही केलेलं नाही," ओडेसा म्हणाली. म्हणजे तीही फिरली होती. दहा मिनिटांपूर्वी माझ्या बाजूनं तीन माणसं होती, आता मी आणि एक ऐकू न येणारे वडीलधारे. केझाया मला विसाव्या वर्षी झाली. मी पदवी पूर्ण करत असताना दोन वर्षं तिला ओडेसानंच सांभाळलं. तेव्हापासून अशा प्रसंगी आजी आणि नातीची युती होते आणि मी विरोधी पक्षात बसते.

केझाया उठून मामाच्या मागे गेली. मी स्वयंपाकघरातल्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. भांडी आवरायच्या निमित्तानं, हे सांगायला नको. काचेतून दोघांच्या पाठी दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. मला वाटलं, तो तिला आणखी चिथावतोय. ते काय बोलले ते केझायानं मला पुढे महिन्याभरानं सांगितलं आणि मी मध्ये न बोलता ऐकलं. म्हणजे दोनदाच बोलले.

तिनं त्याला विचारलं होतं, "चिडलास का माझ्यावर?"

"छे गं." तो पायरीवर बसून टोपी गुडघ्यावर फिरवत होता. "नवव्या वेळेचं सांगू तुला? तुझ्या आजीला नको सांगूस."

"नाही सांगणार."

"कामावरून घरी चाललो होतो. अंगात बसवाल्याचा गणवेश. इंजिन बंद, काच खाली, हात स्टिअरिंगवर, सर म्हणालो, सगळं पुस्तकातल्यासारखं. तरी खाली उतरवलं. फुटपाथच्या कडेला बसवलं, हात गुडघ्यांवर ठेव म्हणाले. चाळीस मिनिटं. तेवढ्यात आमच्याच डेपोची बस गेली. माझा मार्ग, माझी पोरं, फक्त ड्रायव्हर बदली होता. मागच्या खिडकीतून ती दात पडलेली चिमुरडी ओरडली, अलॉन्झो काका! आणि हात हलवायला लागली. बस वळेपर्यंत हलवत होती."

"मग?"

"मग काय. मला हात हलवता येईना. हात गुडघ्यांवर ठेवायचे होते ना." तो हसला म्हणे. "सोमवारी बसमध्ये चढल्यावर विचारते कशी, काका, तुम्ही मला ओळखलं नाही का?"

केझाया म्हणते, त्या क्षणी तिला आमच्या तालमीतला तो आरडाओरडा, ती बॅटरी, तो चष्मा हे सगळं एकदम वेगळं दिसलं. मामा दर वर्षी पोलीस होतो, कारण वर्षातून एक दिवस तरी त्याला गाडीच्या खिडकीबाहेर, पोलिसाच्या बाजूला उभं राहता येतं. मला हे सत्तेचाळीस वर्षांच्या भावाबद्दल सुचलं नव्हतं. मी खिडकीतून नुसती पाठ बघत होते आणि मनात त्याला शिव्या देत होते.

ती आत आली तेव्हा ओडेसा पाई कापत होती.

"आजी, एक खरं सांग. तालमीनं काही फरक पडतो?"

मी तोंड उघडलं. ओडेसानं सुरी माझ्या दिशेला केली, मी मिटलं.

"खरं सांगू? तुझा मामा बाहेर बसलाय. चौदा वेळा गेला आणि चौदाही वेळा घरी आला. ते नियमांमुळे की दैवानं, मला ठाऊक नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण याचं उत्तर माझ्याकडे नाही." तिनं एक फोड ताटलीत ठेवली. "तालीम तुझ्यासाठी थोडी आणि आमच्यासाठी जास्त, बाळ. तू गाडी घेऊन गेल्यावर आम्हाला इथे बसून राहायचंय. या पोरीला तर," सुरी पुन्हा माझ्याकडे, "बसवणारसुद्धा नाही."

केझायानं घड्याळ पाहिलं. तीन चाळीस.

"एकदाच करीन. थोरल्यांसाठी. पण लिंबू राहील."

"लिंबू—" मी म्हणाले.

"रेनीटा, गप बस," ओडेसा म्हणाली.

"काय ठरलं?" थोरल्यांनी विचारलं.

"लिंबू राहणार," ओडेसा त्यांच्या कानाशी ओरडली.

"मग पाईवर पिळा," थोरले म्हणाले.

असे आम्ही सगळे बाहेर आलो. केझाया गाडीत बसली, मागे चेलोची भलीमोठी काळी पेटी. ओट्यावर खुर्च्यांत थोरले आणि ओडेसा, परीक्षक मंडळ. पलीकडच्या काचेशी मी, खांद्याला पर्स, पर्समध्ये लॅमिनेट केलेली यादी. अलॉन्झोनं टोपी घातली, बॅटरी पेटवली आणि कोपऱ्यापासून पट्ट्यात अंगठे खोचून डुलत आला.

"काय गं पोरी! कुठे निघाली स्वारी?" त्यानं टपावर थाप मारली. "पेटीत काय आहे? प्रेत?"

"चेलो, सर."

"चेलो म्हणजे कोण? तुझा साथीदार?"

ओट्यावर ओडेसा हसायला लागली. ती हसते ते गल्लीच्या टोकाला ऐकू जातं.

"हात!" मी काचेतून ओरडले. "हात वर ठेव, अजून वर! आतला दिवा लाव!"

"आई, दुपार आहे."

"नियम तीन!"

"आवाज वाढव रे, अलॉन्झो," थोरले म्हणाले. "माझ्या वेळचा याहून जोरात ओरडायचा."

"उतर गाडीतून!" अलॉन्झोनं आवाज वाढवला. "ऐकू येत नाही? उतर म्हणतो ना!"

हे सगळं, म्हणजे टोपीवाला दांडगा माणूस गाडीतल्या मुलीवर खेकसतोय, एक बाई दुसऱ्या बाजूनं किंचाळतेय, हे समोरच्या घरातून कसं दिसत असेल, याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नाही. साठ वर्षं गल्लीत सगळी आमचीच, काळी माणसं होती. तालीम लागली की शेजारी खुर्च्या घेऊन यायचे. समोरच्या घरात गोरी मुलगी राहायला येऊन सहाच महिने झाले होते. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोलिसांची गाडी सायरन न वाजवता वळली.

मी ती सगळ्यात शेवटी पाहिली. सोळा वर्षं जिची वाट बघत होते ती गाडी आली, आणि मी दिव्याच्या बटणावरून वाद घालत होते. आधी ओडेसाचं हसू थांबलं. मग अलॉन्झोनं बॅटरी टपावर ठेवली, शेजारी दोन्ही पंजे उपडे ठेवले आणि बोटं पसरली. त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

उतरलेला पोलीस कोवळा होता, गोरा, मानेवर मुरुमं. शर्ट खांद्याला सैल होत होता. "काय चाललंय इथे?"

आता माझं ऐका. अकरा नियमांमधला पाचवा मी स्वतः लिहिलेला आहे: हलण्याआधी सांगायचं. ग्रंथालयातल्या बाईला मात्र एकच गोष्ट सुचली, पुरावा दाखवावा. ही तालीम आहे, हे बघा, छापील यादी आहे. मी एक शब्द न बोलता पर्समध्ये हात घातला.

"मॅडम! हात बाहेर!"

त्याचा स्वतःचा हात कमरेला गेला होता. मला सगळं स्पष्ट दिसत होतं, आणि हात बाहेर येत नव्हता. मी यादी घट्ट धरली होती आणि लॅमिनेशनचा टोकदार कोपरा पर्सच्या अस्तरात अडकला होता. मी ओढत होते. पर्स हलत होती.

"हात बाहेर काढा म्हणतो!" त्याचा आवाज फाटला. ओट्यावर ओडेसा काहीतरी पुटपुटत होती, बहुधा देवाशी.

"सर," केझाया म्हणाली.

मी तिचा तो आवाज आधी ऐकला नव्हता. ना लाडिक, ना चिडका. वाद्य सुरात लावताना ती तेवढाच एक सूर धरून बसते, तसा.

"सर, ती माझी आई आहे. तिच्या हातात एक कागद आहे, तो अडकलाय. ती कागद सोडून देईल आणि रिकामा हात बाहेर काढेल. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत. आई, सोड."

"अगं पण तो—"

"आई. सोड ते."

मी सोडलं.

"आता हात वर घे. सावकाश. टपावर ठेव, मामासारखे."

मी ठेवले. पत्रा उन्हानं तापला होता.

पोलीस श्वास घेत होता, तोंडानं. हात कमरेवरून खाली आला. "फोन आला होता. कुणीतरी एका मुलीला त्रास देतंय म्हणून."

"हे माझे मामा आहेत, सर. ते आजी आणि थोरले. आमची तालीम चालली होती."

"कसली तालीम?"



"हीच," केझाया म्हणाली.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग मानेपासून कानापर्यंत तो लाल होत गेला. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यानं अलॉन्झोच्या डोक्याकडे पाहिलं. "ती टोपी..."

"टपाल खात्याची, सर," अलॉन्झो समोर बघत म्हणाला.

पोलिसानं मान हलवली, "गाडी जपून चालव," असं केझायाला म्हणाला आणि गेला. समोरची मुलगी पायांत चपला नसतानाच धावत आली. "मला माफ करा, मला खरंच वाटलं कुणीतरी तिला... मला तिची काळजी वाटली हो!"

मलाही तिचीच काळजी वाटत होती. दोघींनी मिळून तिला आज जवळजवळ अनाथ केलं होतं.

"पुढच्या वेळी आधी दार वाजव," ओडेसा तिला म्हणाली. "आम्ही उघडतो." आणि तिनं तिला पाई दिली नाही. आमच्या घरात याहून मोठी शिक्षा नाही.

थोरले काठी टेकत फाटकापर्यंत आले. कोटाच्या खिशातून किल्ली काढून त्यांनी काचेतून आत दिली.

"मुलगी पास," ते म्हणाले. मग गाडीवरून माझ्याकडे बघून, "आई नापास."

सगळ्यात आधी मी हसले. अलॉन्झोला इतकं हसू आलं की त्याला टोपी काढून डोळे पुसावे लागले. टोपी त्यानं पुन्हा घातली नाही, ओडेसाच्या मांडीवर नेऊन ठेवली.

केझायानं इंजिन सुरू केलं. चार वाजून सात मिनिटं. तिनं पट्टा लावला, आरसा सारखा केला, आणि मग हात वर करून आरशाची दोरी सोडवली. पुठ्ठ्याचं लिंबू तळहातावर घेऊन क्षणभर पाहिलं, समोरच्या कप्प्यात टाकलं आणि कप्पा बंद केला.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. सबंध दुपार मी त्या नियमांसाठी भांडत होते. आता मला वाटलं, कप्पा उघडावा आणि ते लिंबू माझ्या हातानं परत टांगावं. फुलंही टांगावीत.

"राहू दे की," मी म्हणाले. "छान वास येत होता."

"कप्प्यातूनही येईल," ती म्हणाली. गाडी हलेना. तिनं वाट पाहिली, मग मान तिरकी करून काचेतून माझ्याकडे वर पाहिलं.

"आई, टपावरून हात काढ. मला निघायचंय."

मी काढले. सावकाश, तिला दोन्ही दिसतील असे.